'कुशल' या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुशल कारागीर, व्यवहारकुशल माणूस, 'सर्व कुशल आहे ना?', अकुशल कामगार. हा एक शब्द किती वेगवेगळ्या ठिकाणी वापरला जातो, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. कुठे तो हाताच्या सफाईबद्दल बोलतो, कुठे तब्येतीबद्दल, तर कुठे मजुरीच्या दराबद्दल. या शब्दाविषयी वाचक, विद्यार्थी आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

'कुशल' म्हणजे नेमकं काय?

आजच्या मराठीत विशेषण म्हणून 'कुशल' याचा अर्थ एखादं काम उत्तम रीतीने, सफाईने आणि समजून करणारा. नुसतं काम येणं म्हणजे कुशलता नव्हे. पोहता येणारे पुष्कळ असतात, पण सगळेच कुशल जलतरणपटू नसतात. कामातले खाचखळगे ओळखून त्यातून वाट काढता येणं, कमी श्रमात आणि कमी नासाडीत ते पुरं करता येणं, हे 'कुशल' म्हणताना आपण गृहीत धरतो.

नाम म्हणून मात्र 'कुशल' म्हणजे खुशाली, बरं चाललेलं असणं. 'तुमचं कुशल कळवा' या वाक्यात कोणाच्या हातातल्या कसबाचा काही संबंध नाही. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, हा या शब्दातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. त्याचं उत्तर पुढे सविस्तर दिलं आहे.

गवत तोडणारा तो कुशल, असं शाळेत सांगितलं होतं. ते खरं आहे का?

ही परंपरेने चालत आलेली व्युत्पत्ती आहे: 'कुशान् लाति इति कुशलः', म्हणजे जो कुश आणतो तो कुशल. कुश हे धार्मिक विधींत लागणारं गवत. वनस्पतिशास्त्रात त्याला डेस्मोस्टाकिया बायपिनाटा म्हणतात. मराठीत आपण सरसकट दर्भ म्हणतो, आणि त्या नावाखाली याच्या जोडीला दुसरी गवतंही खपतात. कुशाचं पातं लांब, ताठ आणि कडेला धारदार असतं, टोक सुईसारखं. निष्काळजीपणे ओढलं तर हात कापतो. मुळं जमिनीत खोल गेलेली असल्यामुळे ते सहज उपटूनही येत नाही. तेव्हा हात न कापता नेमकं हवं ते गवत काढून आणणारा तो जाणता, आणि पुढे कोणत्याही कामातला जाणता तो कुशल, असं हे स्पष्टीकरण.

याच गवताच्या टोकावरून 'कुशाग्र बुद्धी' हा शब्दप्रयोग आला. तिथे मात्र व्युत्पत्तीबद्दल वाद नाही. कुशाच्या अग्रासारखी तीक्ष्ण ती कुशाग्र.

मग 'कुशल'च्या बाबतीत वाद आहे?

आहे, आणि तो शेकडो वर्षं जुना आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचं, उदाहरण म्हणून 'कर्मणि कुशलः' हे वाक्य घेतलं. त्याचं म्हणणं असं की शब्दाचा मूळ अर्थ कुश आणणारा. 'कामात कुशल' म्हणताना तिथे गवताचा काही संबंध नसतो, म्हणून मूळ अर्थ बाजूला पडतो आणि रूढीमुळे 'जाणता' हा दुसरा अर्थ घ्यावा लागतो. याला रूढिलक्षणा म्हणतात.

चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हे खोडून काढलं. त्याचा मुद्दा आजच्या वाचकालाही पटेल असा आहे. शब्द कसा बनला हे एक कारण, आणि शब्द कशासाठी वापरला जातो हे दुसरं. दोन्ही एकच असायला हवीत असं नाही. 'गो' हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून साधतात. मग 'गाय झोपली आहे' या वाक्यातही लक्षणा मानायची का? झोपलेली गाय तर कुठे जात नाही! तेव्हा 'कुशल'चा मुख्य अर्थ 'दक्ष' हाच, आणि गवताची गोष्ट शब्दाच्या घडणीपुरती.

मला या वादात विश्वनाथाची बाजू भक्कम वाटते. व्युत्पत्ती कळली म्हणजे अर्थ कळला, असं आपण फार चटकन धरून चालतो.

आजचे भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतात?

गवताची व्युत्पत्ती ते निर्णायक मानत नाहीत. संस्कृतात शेवटी 'ल' असलेली विशेषणं पुष्कळ आहेत: वत्सल, मांसल, शीतल, बहुल, चपल. त्यांतल्या 'ल'चा आणणे किंवा तोडणे या क्रियांशी संबंध नाही. वत्सापासून वत्सल हे तर पाणिनीच सांगतो, आणि तिथे 'ल' हा नुसता प्रत्यय आहे. त्यामुळे 'कुशल' फोडला की त्यात 'लाति' हे क्रियापद सापडलंच पाहिजे, अशी सक्ती नाही. प्राचीन विद्वानांना शब्दाच्या पोटात वाक्य शोधायची आवड होती. त्यातून सुंदर स्पष्टीकरणं जन्मली, पण प्रत्येक स्पष्टीकरण म्हणजे इतिहास नव्हे.

शब्दाचे जुने उपयोग एकत्र ठेवून पाहिले, तर सर्वांच्या मुळाशी 'योग्य, नीट, जसं असावं तसं' हा अर्थ दिसतो. कामासाठी योग्य तो कुशल. परिस्थिती नीट असणं तेही कुशल. मराठीतला 'बरा' हा शब्द असाच दोन्हीकडे जातो. 'आता बरा आहे' म्हणजे तब्येत नीट आहे, आणि 'गातो बरा' म्हणजे गाणं नीट जमतं.

हा शब्द सर्वांत आधी कुठे भेटतो?

प्राचीन उपनिषदांत तो चांगला रुळलेला दिसतो. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात 'त्रयो होद्गीथे कुशला बभूवुः' असं वाक्य आहे. उद्गीथाच्या, म्हणजे सामगानातल्या एका भागाच्या, विद्येत तिघे कुशल होते, असा त्याचा अर्थ. पुढे त्या तिघांची नावं येतात: शिलक शालावत्य, चैकितायन दाल्भ्य आणि प्रवाहण जैवलि. आपण आज 'गणितात कुशल' म्हणतो, अगदी तीच वाक्यरचना. कठोपनिषदातही 'आश्चर्यो वक्ता कुशलोऽस्य लब्धा' असं येतं, म्हणजे आत्म्याबद्दल सांगणारा विरळा आणि तो जाणून घेणारा कुशल.

पण मला सर्वांत आवडणारं उदाहरण छांदोग्याच्याच चौथ्या अध्यायातलं आहे. उपकोसल नावाचा शिष्य सत्यकाम जाबालाकडे बारा वर्षं राहिला आणि गुरूच्या अग्नींची सेवा करत राहिला. गुरूने बाकीच्या शिष्यांना निरोप दिला, याला मात्र दिला नाही. तेव्हा गुरुपत्नी नवऱ्याला सांगते की या मुलाने कष्ट सोसले आहेत आणि 'कुशलम् अग्नीन् परिचचारीत्', अग्नींची नीट, मन लावून काळजी घेतली आहे. इथे 'कुशलम्' हे क्रियाविशेषण आहे. त्यात कसब आहे, कारण अग्नी बारा वर्षं विझू न देणं सोपं नाही. पण त्याहून अधिक त्यात काळजी आहे, रोजची, न चुकणारी. आणि ही कुशलता ओळखली ती घरातल्या बाईने, गुरूने नव्हे. शब्दाचा पोत कळायला मला कोणत्याही कोशापेक्षा हे एक वाक्य जास्त उपयोगी पडलं.

पाणिनी या शब्दाबद्दल काही सांगतो का?

बरंच सांगतो. 'अष्टाध्यायी'त हा शब्द अनेक सूत्रांत आला आहे आणि त्यातून दोन्ही अर्थ स्पष्ट दिसतात.

'आयुक्तकुशलाभ्यां चासेवायाम्' (२.३.४०) या सूत्रात तो सांगतो की 'कुशल'बरोबर षष्ठी किंवा सप्तमी वापरता येते, पण केव्हा? 'आसेवा' हा अर्थ असेल तेव्हा. आसेवा म्हणजे तत्परता, एखाद्या कामात मनापासून गुंतून राहणं. सातव्या शतकातली 'काशिका' ही 'अष्टाध्यायी'वरची टीका इथे उदाहरण देते: 'कुशलः कटकरणे', चटई विणण्यात कुशल. आणि ही अट कशासाठी, असा प्रश्न स्वतःच विचारून उलट उदाहरण देते: 'आयुक्तो गौः शकटे', गाडीला जुंपलेला बैल. बैलही गाडीला 'लागलेला' आहे, पण त्याला ओढून जुंपलं आहे. त्याचं मन त्यात नाही, म्हणून तिथे आसेवा नाही. गाडीला जुंपलेला बैल आणि चटईत मन घातलेला विणकर यांच्यातला फरक व्याकरणाच्या एका अटीत पकडला आहे!

दुसरीकडे, आशीर्वादाच्या प्रयोगांसाठी असलेल्या सूत्रात (२.३.७३) भद्र, सुख, हित यांच्या रांगेत 'कुशल' आहे. देवदत्ताचं कुशल असो, देवदत्ताला कुशल लाभो, अशी दोन्ही रूपं चालतात हे तिथे सांगितलं आहे. म्हणजे पाणिनीच्या काळीच शब्द दोन्ही पायांवर उभा होता.

आणखी एक गमतीचं सूत्र आहे, 'तत्र कुशलः पथः' (५.२.६३). वाटेत कुशल तो 'पथक', म्हणजे वाटा माहीत असलेला, वाटाड्या.

अमरकोशाने पुढे हे सारं एका ओळीत बांधलं: 'पर्याप्तिक्षेमपुण्येषु कुशलं शिक्षिते त्रिषु'. सामर्थ्य, क्षेम आणि पुण्य या अर्थी 'कुशल' नपुंसकलिंगी नाम, आणि 'शिकून तयार झालेला' या अर्थी तिन्ही लिंगांत चालणारं विशेषण.

पत्रात 'येथील कुशल जाणून' असं का लिहीत?

समोरच्याने आधी विचारण्याची वाट न पाहता आपली खुशाली सांगायची आणि मग त्याची विचारायची, ही रीत होती. जुन्या मराठी पत्रांत 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे' या धर्तीची वाक्यं ठराविक असत. पुढे राजकारण, पैशांचा हिशेब, लढाईची बातमी काहीही असो, सुरुवात कुशलाने होई.

कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्ष मेघाला निरोप सांगतो, तोही इथूनच सुरू होतो. 'अव्यापन्नः कुशलमबले पृच्छति त्वां वियुक्तः', तुझ्यापासून दूर असलेला तो जिवंत आहे आणि तुझं कुशल विचारतो आहे. लगेच पुढे कारणही दिलं आहे: ज्यांच्यावर केव्हाही संकट ओढवू शकतं अशा प्राणिमात्रांशी बोलताना पहिल्यांदा विचारायचं ते हेच. कुशल विचारणं हा उपचार नाही, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी सांगितलं असेल.

या इतिहासाला एक कटू बाजूही आहे. मनुस्मृतीत (२.१२७) भेटल्यावर ब्राह्मणाला 'कुशल' विचारावं, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला 'आरोग्य' विचारावं असं सांगितलं आहे. खुशाली विचारण्याच्या शब्दांचीही वर्णानुसार वाटणी केली होती. आज आपण कोणालाही कुशल विचारतो. ते तसंच असायला हवं.

'खुशाल' आणि 'कुशल' हा एकच शब्द आहे का?

नाही. ऐकायला सारखे आणि अर्थाने शेजारी असले तरी दोघांची घरं वेगळी आहेत. 'खुशाल' हा फारसीतून आला. 'खुश' म्हणजे आनंदी आणि 'हाल' म्हणजे अवस्था. 'खुशाली कळवा' आणि 'कुशल कळवा' ही वाक्यं आज एकाच अर्थाने चालतात, पण 'खुशाल जा' किंवा 'खुशालचेंडू' इथे 'कुशल' घालून पाहा, लगेच फरक कळेल.

बौद्ध साहित्यात 'कुशल कर्म' म्हणतात. तिथेही हाच अर्थ?

शब्द तोच, पण अर्थ आणखी खोल गेला आहे. पालीत तो 'कुसल' होतो. कसब हा अर्थ पालीतही आहेच, पण मुख्य अर्थ हितकर, निर्मळ, चांगलं फळ देणारं असा होतो. धम्मपदातली १८३ वी गाथा प्रसिद्ध आहे: 'सब्बपापस्स अकरणं, कुसलस्स उपसम्पदा, सचित्तपरियोदपनं, एतं बुद्धान सासनं.' कोणतंही पाप न करणं, कुशलाचा संचय करणं, आपलं चित्त शुद्ध करणं, ही बुद्धांची शिकवण.

तिथे अकुशलाची तीन मुळं सांगितली आहेत: लोभ, द्वेष आणि मोह. कुशलाची मुळं म्हणजे या तिन्हींचा अभाव. एखादं कर्म कुशल की अकुशल हे ते किती सफाईने केलं यावरून ठरत नाही, ते कोणत्या मुळातून आलं यावरून ठरतं. म्हणून खिसा कापणारा कितीही सफाईदार असला तरी त्याचं कर्म अकुशलच.

पाचव्या शतकातला पाली ग्रंथांचा टीकाकार बुद्धघोष यानेही या शब्दाची फोड करताना कुश गवत आठवलं आहे, पण वेगळ्या दिशेने. कुश जसा हाताला दोन्ही अंगांनी कापतो, तसा कुशल धर्म क्लेशांना, म्हणजे मनातल्या विकारांना, दोन्ही बाजूंनी कापतो: जे उत्पन्न झाले आहेत त्यांना आणि जे अजून व्हायचे आहेत त्यांनाही. वैदिक परंपरेत हात न कापू देणारा तो कुशल, तर इथे जे कापतं तेच कुशल. गवत तेच, पण धार कोणाच्या बाजूने धरायची ते बदललं.

महायान परंपरेत 'उपायकौशल्य' ही कल्पना फार महत्त्वाची आहे. ऐकणाऱ्याची कुवत आणि गरज पाहून शिकवण्याची रीत निवडणं म्हणजे उपायकौशल्य. 'सद्धर्मपुंडरीक' सूत्राचा दुसरा परिवर्त, म्हणजे अध्याय, याच नावाचा आहे. शिक्षकांनी या शब्दावर जरूर विचार करावा.

'योगः कर्मसु कौशलम्' म्हणजे काम नीट करणं हाच योग, असं ना?

हे वचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या पन्नासाव्या श्लोकातलं आहे आणि अनेक संस्थांनी ते मिरवलं आहे. आयआयटी खरगपूरचं बोधवाक्यही हेच. पण 'जो जो कामात सफाईदार तो तो योगी' असा अर्थ त्यातून निघत नाही. श्लोकाचा पूर्वार्ध समबुद्धीबद्दल आहे. त्या संदर्भात योग हे कर्मांमधलं कौशल आहे, असं पुढे म्हटलं आहे. शंकराचार्य भाष्यात सांगतात की कर्माचा स्वभाव बांधून ठेवण्याचा. समत्वबुद्धीमुळे तो स्वभाव गळून पडतो, आणि हेच ते कौशल.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या वचनाला मोठं स्थान दिलं. गीतेत 'योग' म्हणजे कर्म करण्याची विशेष युक्ती, असा अर्थ त्यांनी याच्या आधारे मांडला. कर्म सोडायचं नाही, आणि त्यात अडकायचंही नाही.

अठराव्या अध्यायातला दहावा श्लोक मात्र फार कमी लोकांना आठवतो: 'न द्वेष्ट्यकुशलं कर्म कुशले नानुषज्जते'. इथे 'अकुशल कर्म' म्हणजे बेढब केलेलं काम नव्हे, तर न आवडणारं, सुख न देणारं काम. खरा त्यागी अशा कामाचा द्वेष करत नाही आणि आवडत्या कामाला चिकटून बसत नाही. दुसऱ्या अध्यायातलं वचन भिंतीवर लावणाऱ्यांनी त्याखाली हेही लावावं असं मला मनापासून वाटतं.

कुशल, निपुण, प्रवीण, निष्णात, दक्ष, हुशार यांत फरक काय?

बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो आणि पुष्कळदा चालूनही जातं. तरी प्रत्येकाचा रोख वेगळा आहे.

'हुशार' हा फारसी 'होशियार' वरून आला. 'होश' म्हणजे भान. त्यामुळे हुशार माणूस मुळात भानावर असलेला, आणि म्हणूनच 'आज जरा हुशारी वाटते' म्हणजे अंगात तरतरी आली. हुशारी डोक्याची, कुशलता हातून किंवा वागण्यातून दिसणारी. हुशार विद्यार्थी कुशल असेलच असं नाही.

'प्रवीण'ची परंपरेने दिलेली फोड वीणावादनात श्रेष्ठ अशी आहे. 'निष्णात' म्हणजे न्हाऊन निघालेला. पाणिनीने यासाठी वेगळं सूत्रच केलं आहे (८.३.८९): कौशल्याचा अर्थ असेल तरच 'स्ना'मधल्या 'स'चा 'ष' होतो, एरवी नाही. इथेही काशिकेची उदाहरणं चटई करण्यात आणि दोर वळण्यात निष्णात अशी आहेत. 'पारंगत' तर पलीकडच्या तीराला पोचलेला. या तिघांपेक्षा 'कुशल' नम्र आहे. तो शिखराबद्दल बोलत नाही, नीट केलेल्या कामाबद्दल बोलतो.

'दक्ष' संस्कृतात समर्थ, कुशल या अर्थाचा होता आणि उजवी बाजू दाखवणारा 'दक्षिण' त्याच घराण्यातला आहे. मराठीत तो सावध या अर्थाकडे सरकला: दक्ष नागरिक, दक्षता पथक. जुना अर्थ 'गृहकृत्यदक्ष' या शब्दात टिकून आहे, आणि लग्नाच्या जाहिरातींत हा गुण फक्त मुलींकडूनच मागितला गेला, हेही नोंदवायला हवं.

बोलीतले 'पटाईत' आणि 'वाकबगार' मला विशेष प्रिय आहेत. पट्टा चालवणारा तो पटाईत. 'वाकबगार' फारसी 'वाकिफकार', कामाची माहिती असलेला. हे शब्द लिहिण्यातूनही टिकले पाहिजेत.

कौशल, कौशल्य की कुशलता?

तिन्ही बरोबर. संस्कृतात 'कुशल'पासून भाववाचक नाम 'कौशल' असंही होतं आणि 'कौशल्य' असंही. मराठीत 'कौशल्य' रुळलं, हिंदीत 'कौशल'. म्हणून केंद्राच्या योजनांच्या नावात 'कौशल विकास' दिसतं आणि मराठीत आपण 'कौशल्य विकास' म्हणतो. 'कौशल्यता' मात्र चूक आहे, कारण भाववाचक नामाला पुन्हा 'ता' लावलेला आहे.

कौसल्येचा आणि कौशल्याचा संबंध आहे का?

नाही. रामाची आई कौसल्या हे नाव कोसल या देशावरून आलं, म्हणजे कोसलची राजकन्या. 'कौशल्य' आलं 'कुशल'वरून. 'कौशल्या' असंही लिहिलं जातं, त्यामुळे गोंधळ वाढतो. रामाचा मुलगा कुश याचं नाव मात्र खरंच कुश गवतावरून आहे. रामायणाच्या उत्तरकांडात जन्मानंतर दर्भाच्या वरच्या आणि खालच्या भागाने केलेल्या रक्षाविधीवरून कुश आणि लव ही नावं पडल्याचं सांगितलं आहे.

'सकुशल' म्हणजे कौशल्याने?

नाही, खुशालीसह, सुखरूप. 'गिर्यारोहक सकुशल परतले' याचा अर्थ ते सुखरूप आले. मराठीत 'सुखरूप' हा जास्त मोकळा शब्द आहे.

'अकुशल कामगार' हा शब्द योग्य आहे का?

कायद्याच्या भाषेत तो पक्का बसला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांत कामगारांची कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी येत असे आणि त्यावर मजुरीचा दर ठरत असे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने आणि नंतर केंद्राच्या २००५ च्या कायद्याने हमी दिली ती अंगमेहनतीच्या 'अकुशल' कामाची. तिथे या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे: ज्या कामासाठी आधी ठराविक प्रशिक्षण लागत नाही असं काम. हमी देणाऱ्या कायद्याला अशी व्याख्या हवी असते, कारण काम मागणाऱ्या कोणालाही ते देता आलं पाहिजे.

अडचण सुरू होते ती कामाचं विशेषण माणसाला चिकटतं तेव्हा. 'अकुशल काम' ही प्रशासनाची वर्गवारी आहे. 'अकुशल माणूस' हा माणसाबद्दलचा निवाडा होतो, आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. उतारावर समपातळीचा चर खणणं, डोक्यावर भार घेऊन शिडी चढणं, भाताची रोपं सारख्या अंतराने आणि सारख्या खोलीवर लावणं, ही कामं पहिल्याच दिवशी कोणालाही नीट जमत नाहीत. ती शिकावी लागतात. फक्त ती कोणत्या वर्गात शिकवली जात नाहीत आणि त्यांचं प्रमाणपत्र मिळत नाही.

आता जुन्या उदाहरणांकडे परत बघा. व्याकरणकारांना 'कुशल' आणि 'निष्णात' समजावून सांगायचे होते, तेव्हा त्यांनी कोणाला समोर आणलं? चटई विणणाऱ्याला आणि दोर वळणाऱ्याला. व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी कोणाला आणलं? गवत काढून आणणाऱ्याला. उपनिषदात हा शब्द लागला तो चूल नव्हे तरी अग्नी सांभाळणाऱ्या, रोज सरपण घालणाऱ्या मुलाला. ज्या हातांच्या आधाराने या शब्दाचा अर्थ ठरला, तेच हात आज या शब्दाच्या बाहेर ठेवले आहेत. यात मजुरीचाही प्रश्न आहे, कारण 'अकुशल' हा शिक्का दर खाली ठेवायला उपयोगी पडतो.

मग 'अकुशल' ऐवजी काय म्हणावं?

सरकारी कागदात, जिथे वर्गवारी सांगायचीच आहे, तिथे कायद्याचा शब्द वापरावा लागेल. तिथेही 'अकुशल कामगार' पेक्षा 'अकुशल वर्गातलं काम' असं लिहिता येतं. बांधकामावर रूढ असलेला 'बिगारी' हा शब्द काही बरा पर्याय नाही. तो वेठबिगारीतल्या 'बेगार' वरून आला आहे, म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं काम.

बातमी, लेख, अहवाल लिहिताना मात्र सोपा मार्ग आहे. माणूस जे काम करतो त्याचं नाव लिहा: माती खणणाऱ्या बाया, ऊसतोडणी कामगार, हमाल, लावणी करणारे मजूर. औपचारिक शिक्षण नाही एवढंच सांगायचं असेल तर 'अप्रशिक्षित' म्हणा. आणि जिथे काम खरोखर नीट झालेलं दिसेल, बांध सरळ आलेला असेल, थप्पी न ढळता लागलेली असेल, तिथे ते करणाऱ्याला 'कुशल' म्हणायला कोणत्याही अधिसूचनेची परवानगी लागत नाही.